भिंतीवरचे नाव



मराठीतली सर्वांत प्रसिद्ध भिंत चालणारी आहे. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना सामोरे जाण्यासाठी चार भावंडे जिच्यावर बसून निघाली, ती आळंदीची भिंत. त्याच कथेत त्याआधी एक कोरा कागद येतो. मायना काय लिहावा हे न सुचल्याने चांगदेवांनी तो तसाच धाडला, आणि त्याच्या उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या गेल्या. कोऱ्या जागेचे असे असते. ती लिहायला बोलावते. कुणाला पासष्टी सुचते, कुणाला बाण मारलेला बदाम.

आजचा विषय जागची न हलणारी भिंत हा आहे. शाळेची, बसस्थानकाची, ग्रामपंचायतीची, तहसील कचेरीच्या जिन्याची. तिच्यावर नावे कोरली जातात, कोळशाने शिव्या लिहिल्या जातात, खर्रा थुंकला जातो. तिच्या खिडकीची काच दगडाने फुटते, तिच्या बाहेरच्या नळाची तोटी रात्रीतून नाहीशी होते. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्यापासून वणीपर्यंत, यावर गावाचे उत्तर एकच असते : “पोट्ट्यायनं केलं असन.”

कोणत्या पोट्ट्यांनी? कशासाठी? आणि त्यांना हे शिकवले कुणी? ‘पोट्ट्यायनं’ म्हटले की चौकशी संपते. विषय सुरू होतो तो तिथूनच.

आधी शब्द. कायद्याच्या मराठीत यासाठी ‘विद्रूपण’ हा शब्द आहे. तो थोडा जड वाटतो, पण नेमका आहे. वस्तू मोडली नाही तरी तिचे रूप बिघडले, एवढे तो सांगतो. ‘नासधूस’ आणि ‘तोडफोड’ हे पुढचे टप्पे. बाकावर नाव कोरणे हे विद्रूपण, बाक मोडणे ही नासधूस, बाकाची फळी चुलीसाठी नेणे ही चोरी. लोक तिन्हींना एकाच रागाने बोलतात आणि इथेच पहिली चूक होते. तिन्हींची कारणे निराळी असतात. चोराला वस्तू हवी असते. मोडणाऱ्याला आवाज हवा असतो. काच फुटताना होतो तो. लिहिणाऱ्याला यातले काहीच नको असते. त्याला फक्त आपले नाव तिथे हवे असते.

युरोपीय भाषांत नासधुशीला ‘व्हँडलिझम’ म्हणतात. इ. स. ४५५ मध्ये रोम लुटणाऱ्या व्हँडल टोळीवरून तो शब्द आला. तो घडवला मात्र तेराशे वर्षांनी, १७९४ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत आँरी ग्रेग्वार या धर्मगुरूने. राजेशाहीची निशाणी म्हणून लोक पुतळे, चित्रे, ग्रंथ नष्ट करत होते आणि हा क्रांतीच्याच बाजूचा माणूस त्यांना सांगत होता की हे आता राजाचे राहिले नाही, हे तुमचे आहे. नासधूस करणारा परक्याची वस्तू समजून आपलीच वस्तू फोडतो, हे निदान त्या शब्दाच्या जन्मातच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेची काच फोडणाऱ्या पोराला हे कुणी सांगितलेले नसते. त्याच्या लेखी ती काच ‘सरकारी’ असते. बोलीत ‘सरकारी’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘कुणाची नाही’ असा झाला आहे.

भिंतीवर नाव लिहिण्याची हौस आजची नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांचा लेख आहे. त्याच लेण्यात राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या आणि प्रत्येक मूर्तीच्या वर तिचे नाव. आज मूर्ती उरलेल्या नाहीत. कुठे पावलांच्या खुणा दिसतात. नावे मात्र आहेत. मुंबईजवळच्या कान्हेरीत बौद्ध भिक्खूंच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख सापडतात. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये तिथे येऊन गेलेल्या पारशी पाहुण्यांनी आपली आणि आपल्या वडिलांची नावे तिथे नोंदवली. म्हणजे काय केले? आजच्या भाषेत, सहलीला गेले आणि नावे कोरून आले! पण हजार वर्षे उलटल्यावर तीच नावे इतिहासाचे साधन ठरली. पश्चिम किनाऱ्यावरच्या पारशी वस्तीच्या अभ्यासात त्यांना मान आहे.

आता अजिंठा. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा मद्रास फौजेतला एक अधिकारी शिकारीला निघाला आणि वाघुर नदीच्या वळणावरच्या लेण्यांपाशी पोहोचला. अजिंठ्याचा ‘शोध’ म्हणून ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत येते. शोधकर्त्याने दहाव्या लेण्यात काय केले? खांबावर रंगवलेल्या बोधिसत्त्वाच्या अंगावर आपले नाव आणि तारीख खरवडली. त्या वेळी लेण्यात माती-राडारोडा साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता. त्यामुळे ते नाव आज माणसाच्या डोक्याच्याही वर दिसते. वाटाडे ते आवर्जून दाखवतात. पर्यटक मान वर करून पाहतात, आणि काही जण त्यातून नेमका नको तो धडा घेतात.

तेव्हा प्रश्न असा पडतो : पारशी पाहुण्याचा लेख इतिहास, स्मिथचा ओरखडा कुतूहल, आणि आठवीतल्या मुलाचे बाकावरचे नाव गुन्हा, हे ठरवते कोण? केवळ काळ? काळ थोडेफार ठरवतो, सगळे नाही. कान्हेरीच्या पाहुण्यांनी मोकळ्या दगडावर लिहिले. स्मिथने दुसऱ्याच्या चित्रावर लिहिले. पहिल्याने भिंतीत भर घातली, दुसऱ्याने भिंतीतून काही कायमचे काढून घेतले. आजही हा फरक उपयोगी पडतो. कोळशाने लिहिलेली ओळ ओल्या फडक्याने जाते. फोडलेला नळ दुरुस्त होईपर्यंत दोनशे लेकरांना पाणी नसते.

आता भिंतीकडून जिल्ह्याकडे यावे. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. वर्धा आणि पैनगंगा या नद्यांमधला, सोळा तालुक्यांचा. इथले जुने घर मातीचे. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजीकडच्या कोलाम पोडांवर (वस्त्यांवर) कुडाच्या भिंती अजून दिसतात. मातीच्या भिंतीचा एक गुण कुणी फारसा बोलून दाखवत नाही : ती विसरते. पोळा आला, दसरा-दिवाळी आली की घरातली बाई शेणामातीचा नवा हात फिरवते आणि वर्षभराचे ओरखडे, पोरांच्या रेघोट्या, धुराचे डाग पोटात घेऊन भिंत पुन्हा कोरी होते. मग त्या कोऱ्या भिंतीवर गेरू आणि चुन्याने बोटे उमटतात. रेघोट्या मारायला तिथे मनाई नव्हती; उलट सण तसा साजरा व्हायचा. आणि ती भिंत सारवताना आई-आजी डोळ्यांसमोर वाकलेली असल्यामुळे तिच्यावर दगड मारावा असे सहसा कुणाच्या मनात येत नसे.

सिमेंटची भिंत विसरत नाही. तिच्यावर खिळ्याने ओढलेली रेघ दहा वर्षे राहते. ती सारवणारा हात डोळ्यांसमोर नसतो. असतो तो ठेकेदार, आणि तो बिल काढून निघून गेलेला असतो. भिंतीचे सामान बदलले, तिची देखभाल करणारा बदलला, आणि सवय मात्र मातीच्या भिंतीची राहिली. शाळा-कचेऱ्यांच्या विद्रूपतेतला मोठा वाटा या एका बदलाचा आहे. मुलांच्या स्वभावात एकदम काही बिघाड झाला, असे मानण्याची गरज नाही.

दुसरे कारण अधिक अवघड, कारण ते मोठ्यांकडे बोट दाखवते. गावात शिरताना पहिली भिंत कुणाची दिसते? बियाण्याच्या जाहिरातीची. मृग लागण्याआधी कपाशीच्या वाणांची नावे हातभर अक्षरांत घरांच्या बाजूच्या भिंतींवर चढतात. त्याखाली गेल्या वर्षीच्या वाणाचे नाव अर्धवट झाकलेले असते, त्याखाली खताचे, त्याखाली कधीच्या तरी निवडणुकीतले चिन्ह. पुलाच्या कठड्यावर ‘जय विदर्भ’. बसस्थानकाच्या खांबांवर वाढदिवसाच्या शुभेच्छा, मूळव्याधीवरचा इलाज आणि शिकवणी वर्ग. यातल्या कितींनी भिंतीच्या मालकाला विचारले असेल? पाचवीतले लेकरू रोज या भिंतींमधून शाळेत जाते. लेकरांना अक्षर ओळखता येऊ लागले की ती सर्वांत आधी भिंती वाचतात. भिंत ज्याला सापडेल त्याची, हा धडा त्यांनी पुस्तकाच्याही आधी वाचलेला असतो.

आणि शाळेच्या आत? वर्गात मान वर करून पाहावे. पंख्याच्या पात्यांवर तेलरंगात नाव असते : अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक यांजकडून सप्रेम भेट. पाण्याच्या टाकीवर नाव, कपाटावर नाव, फाटकाच्या कमानीवर नाव, नव्या खोलीच्या दारावर कोणत्या निधीतून ती झाली त्याची फरशी आणि फरशीवर आठ-दहा नावे. देणगीदाराचा मान राखायलाच हवा; प्रश्न तो नाही. प्रश्न इतकाच, की ज्या इमारतीत प्रत्येक वस्तूवर कुणाचे ना कुणाचे नाव आहे, तिथे रोज सहा तास बसणाऱ्या मुलाचे नाव कुठे आहे? हजेरीपटात. आणि तो कपाटात असतो. पहिल्या आलेल्यांची नावे फलकावर लागतात. बाकीच्या पस्तीस जणांना उरतो तो बाक आणि कंपासपेटीतले कर्कटक.

कर्कटकाने कोरलेला बाक हा खरोखर वाचण्याजोगा दस्तऐवज आहे. त्यावर नाव असते, वर्ष असते, तुकडी असते. क्रिकेटपटूंची नावे असतात, नटनट्यांची असतात, दोन अक्षरांमध्ये बदाम असतो. गणिताच्या सरांचे टोपणनाव असते. परीक्षेच्या दिवसांत सूत्रे असतात. ते मात्र दुसरेच प्रकरण! यातला बहुतेक मजकूर निरुपद्रवी. सगळा मात्र नाही, आणि इथे थांबणे भाग आहे.

मुतारीच्या भिंतीवर जेव्हा एखाद्या मुलीचे नाव येते तेव्हा ते विद्रूपण राहत नाही. लिहिणाऱ्याचे नाव तिथे नसते. ज्या मुलीने काही केले नाही तिचे असते. आतापर्यंत चाललेला नावाचा खेळ इथे उलटा होतो. अशा वेळी शाळेत काय घडते? पुष्कळदा चौकशी मुलीचीच होते. तुझेच नाव का लिहिले, असे विचारले जाते. घरी कळले तर घरचे म्हणतात, पुढच्या वर्षी शाळा नको. तालुक्याच्या गावी एसटीने जाऊन शिकणाऱ्या मुलीच्या बाबतीत एवढे कारण पुरते. भिंतीवरच्या दोन शब्दांनी एक शिक्षण थांबू शकते. म्हणून शाळेतल्या सगळ्या लिखाणाला एका तराजूत घालू नये. बाकावरचा बदाम महिनाभर राहिला तरी चालेल. हे नाव ज्या क्षणी दिसेल त्या क्षणी, पहिली घंटा होण्यापूर्वी, पुसले गेले पाहिजे. आणि त्या मुलीला काहीही न विचारता. जातीवरून लिहिलेल्या शिवीला हाच नियम. चौकशी नंतर करता येते, आणि ती लिहिणाऱ्याची करायची असते.

मोडतोडीचे वेळापत्रकही पाहण्यासारखे आहे. शाळा भरलेली असताना काचा क्वचित फुटतात. त्या फुटतात दिवाळीच्या सुटीत आणि उन्हाळ्यात. विदर्भात उन्हाळ्याची सुटी उर्वरित महाराष्ट्राहून लांब. शाळा उघडायला जूनचा शेवट येतो. जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांना शिपाई नाही, रात्रीचा राखणदार तर नाहीच. गावाबाहेरची इमारत, अर्धवट पडलेले वालकंपाउंड, सावलीचा व्हरांडा. दुपारी पत्ते, रात्री बाटल्या. फोडणारे त्या शाळेत शिकत असतात असेही नाही. बऱ्याचदा ते तिथून कधीच बाहेर पडलेले, दहावीपाशी अडलेले, वावरात काम नसलेल्या महिन्यांत करायला काही नसलेले तरुण असतात. ‘पोट्टे’ या एका शब्दात बारा वर्षांचा मुलगा आणि पंचविशीचा बाप दोघेही बसतात, म्हणून तो शब्द सोयीचा.

आता खर्रा. हा विषय टाळून या भागातल्या भिंतीबद्दल बोलता येत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून घोटायचा, पुडी खिशात टाकायची आणि दिवसभर तोंडात धरायची. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात पानटपरीचा मुख्य धंदा पानाचा राहिलेला नाही, खर्ऱ्याचा आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. खर्रा समोर उभा राहून घोटून मिळतो. त्याचा रंग प्रत्येक सरकारी जिन्याच्या कोपऱ्यात, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर साचतो. वळणावरच का? कारण तिथे क्षणभर कुणी पाहत नसते. त्यावर तोड म्हणून कोपऱ्यात देवादिकांच्या चित्रांच्या फरश्या बसवल्या जातात. साईबाबा, गणपती, मक्केचे चित्र, क्रूस, सगळे एका ओळीत. सर्वधर्मसमभावाचे इतके स्वच्छ दर्शन दुसरीकडे क्वचितच घडेल. उपाय चालतो, पण कबुली मोठी आहे : नागरिक म्हणून लाज वाटत नाही, भाविक म्हणून वाटते. आणि देव संपले की पुढच्या साध्या फरशीवर पिचकारी पडतेच.

शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. त्यासाठी कित्येक शाळांच्या बाहेर रस्त्यावर पिवळी रेघ ओढली जाते. रेघ पुसट होते, टपरी सरकत सरकत रेघेच्या आत येते. भिंतीवरचा लाल डाग शाळेतल्या मुलाचा नसून त्याला आणायला आलेल्या पालकाचा, कधी तपासणीला आलेल्या पाहुण्याचा असतो. तो पुसायला कुणाला सांगतात? मुलांना.

डागाला डाग का जोडला जातो, यावर जगात बराच विचार झाला आहे. १९८२ मध्ये जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग या अमेरिकी अभ्यासकांनी ‘फुटक्या खिडकी’चा विचार मांडला. एक फुटकी काच तशीच राहिली की बघणाऱ्याला कळते, इथे विचारणारे कुणी नाही. मग बाकीच्याही फुटतात. २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात याची साधी परीक्षा झाली. सायकली लावायच्या एका बोळात हँडलला जाहिरातीचे चिटोरे अडकवून ठेवले. भिंत स्वच्छ होती तेव्हा १०० पैकी ३३ जणांनी चिटोरे जमिनीवर टाकले. त्याच भिंतीवर रेघोट्या मारल्यावर टाकणारे ६९ झाले. लोकांचा गाव तोच, कचऱ्याची पेटी दोन्ही वेळा नव्हतीच. बदलली होती ती फक्त भिंत.

पण या विचाराचा दुरुपयोगही झाला, तेही सांगायला हवे. अमेरिकेत तो पोलिसांच्या हाती गेला आणि किरकोळ गोष्टींसाठी गरीब वस्त्यांतली पोरे उचलली जाऊ लागली. काच बदलायची सोडून काच फोडणारा शोधण्यातच सगळी शक्ती गेली. याउलट न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने काय केले ते पाहावे. सत्तरीच्या दशकात तिथला डबान्‌डबा रंगाच्या फवाऱ्यांनी भरला होता. १९८४ पासून रेल्वेने नियम केला : एकदा स्वच्छ केलेला डबा पुन्हा रंगला, की तो धुतल्याशिवाय रुळावर येणार नाही. आपले नाव शहरभर फिरावे म्हणून रात्र जागवणाऱ्या मुलाला ते नाव एकदाही फिरताना दिसेना. मे १९८९ मध्ये शेवटचा रंगलेला डबा सेवेतून गेला. तारांची कुंपणे, कुत्रे, पहारे हे सगळे आधी करून झाले होते. जे चालले ते एवढेच, की नाव टिकू द्यायचे नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. सार्वजनिक वस्तूला हात लावणे नेहमीच वाईट का? भिंतीवर लिहिलेल्या घोषणांनी इंग्रजांना हाकलायला मदत केली नाही का? या प्रश्नाचे उत्तर शोधायला यवतमाळकरांना दूर जायला नको. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद भागात राखीव जंगलातले गवत कापले. वणीत जन्मलेला, यवतमाळात वकिली करणारा, कायदा तोंडपाठ असलेला हा माणूस. सरकारी मालमत्तेला हात लावणे हा गुन्हा आहे हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार? तरीही विळा चालवला. फरक कुठे? आधी जाहीर केले, दिवसा केले, हजारोंसमोर केले, आणि केल्यावर पोलिसांसमोर उभे राहून शिक्षा घेतली. कापले तेही गवत. पावसाळ्यात पुन्हा उगवणारे. जंगलाला आग लावली नाही, नाकेदाराचे घर फोडले नाही.

अंधारात एसटीची काच फोडणारा आंदोलक आणि पुसदचा सत्याग्रही यांना एकाच ओळीत बसवणाऱ्यांनी एवढे पाहावे : सत्याग्रही स्वतःचे नाव सांगतो. फोडणारा तोंडाला रुमाल बांधतो. बसची काच ज्या मागणीसाठी फुटते, त्या मागणीचे मानकरी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात सापडतात. काचेचा मानकरी सापडत नाही. आणि दुसऱ्या दिवशी ती फेरी रद्द होते तेव्हा ज्यांच्यासाठी आंदोलन होते त्याच गावची पोरे फाट्यावर उभी राहतात.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा कायदा १९९५ चा आहे. परवानगीशिवाय सार्वजनिक दृष्टीच्या जागी मजकूर वा जाहिरात लावून विद्रूपण केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सार्वजनिक मालमत्तेच्या हानीसाठी १९८४ चा केंद्रीय कायदा आहे; त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि आग लावून नुकसान केले तर दहा वर्षांपर्यंत. राष्ट्रीय संरक्षित स्मारकावर नाव कोरणाऱ्याला २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कायदे पुरेसे आहेत; २,००० रुपयांचा धाक मोठ्या जाहिरातदाराला वाटत नाही, ही एक उणीव वगळता.

मुलांसाठी मात्र वाट वेगळी आहे आणि ती असायलाच हवी. अठरा वर्षांखालच्या मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. २०१५ च्या कायद्यानुसार मंडळ त्याला समज देऊ शकते, समुपदेशनाला पाठवू शकते, देखरेखीखाली समाजसेवा करायला सांगू शकते. त्याचे नाव मात्र छापता येत नाही. भिंतीवर स्वतःचे नाव मिरवणाऱ्या मुलाचे नाव कायदा झाकून ठेवतो, हा विरोधाभास वाटेल. तो शहाणपणाचा आहे. बाराव्या वर्षी चिकटलेला ‘फोडणारा’ हा शिक्का मुलगा पुढे खरा करून दाखवतो. शाळेत मारणे आणि मानसिक त्रास देणे यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. परिपाठाला सगळ्यांसमोर उभे करून अपमान करणे यातच येते.

मग शाळेने करावे काय? कोरणाऱ्याने बाक घासायचा; शिक्षकाने सोबत बसून पॉलिश पेपरचा दुसरा तुकडा हातात घ्यायचा. तास-दीड तास लागतो. खोलवर कोरलेले घालवायला किती वेळ जातो हे मनगटाला कळले की भाषणाची गरज उरत नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांची हीच रीत होती. गावात शिरले की आधी हातात खराटा. कीर्तन रात्री. स्वतः झाडत असलेल्या माणसाने प्रश्न विचारला तर तो टोचतो. खुर्चीत बसून विचारला तर टोचत नाही. वर्गातली पोरे झाडतात आणि गुरुजी मोबाइल पाहतात, अशा शाळेत स्वच्छता ही शिक्षा होऊन बसते, आणि शिक्षेचा सूड भिंतीवरच निघतो.

दुसरी गोष्ट, भिंत वाटून देण्याची. मुंबईत २००९ साली सेनापती बापट मार्गालगतची लांबच लांब भिंत महापालिकेने नागरिकांना रंगवायला खुली केली, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली होती. ग्रामीण शाळांत हीच कल्पना ‘बोलक्या भिंती’ म्हणून आली : पायऱ्यांवर अंक, दाराच्या चौकटीवर कोन, खांबावर उंची मोजायची पट्टी. अलीकडच्या ‘माझी शाळा, सुंदर शाळा’सारख्या अभियानांनी तिला जोर आला. पण यात एक खोट राहते. चित्रे पेंटर काढतो. जिल्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तोच वाघ, तेच फुलपाखरू, तोच हसरा सूर्य. गुण मिळवण्यासाठी रंगवलेली भिंत मुलांना पाहुण्यांच्या बैठकीसारखी वाटते. जपायची, पण आपली नव्हे. कोलाम पोडावरच्या शाळेत कोलामी घरच्या भिंतीवरची बोटे का उमटू नयेत? पोळ्याचा बैल पेंटरपेक्षा सातवीतल्या पोराला अधिक चांगला जमतो, कारण त्याने बैल धुतलेला असतो.

तिसरी गोष्ट गावाची. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात. तिच्या बैठका बऱ्याचदा सह्यांपुरत्या होतात. सुटीत इमारतीची किल्ली आणि जबाबदारी ज्या घरांकडे आठवड्या-आठवड्याने फिरती राहील, त्या शाळेचा व्हरांडा पत्त्यांना मिळणार नाही. रात्रीचा एक दिवा, वेळेवर बदललेली एक काच, आणि संध्याकाळी पटांगण खेळायला उघडे. यात विशेष खर्च नाही. पटांगणाला कुलूप लावले की कुंपण तुटते, हा अनुभव जुनाच आहे. आत यायला वाट असली तर भिंत ओलांडण्यात मर्दुमकी राहत नाही.

उरते ती लिहिण्याची हौस. ती दाबून जात नाही, तेव्हा तिला जागा द्यावी लागते, आणि ही जागा स्वस्त आहे. वर्गाच्या आतल्या आणि व्हरांड्याच्या भिंतींना जमिनीपासून मुलाच्या खांद्याएवढ्या उंचीपर्यंत काळ्या रंगाचा पट्टा मारायचा, फळ्यासारखा. बरोबर ज्या उंचीवर खिळा चालतो, त्याच उंचीवर. खाली खडूचे तुकडे भरलेला डबा आणि एक ओले फडके. ज्या शाळांनी असा पट्टा केला आहे तिथे तो सकाळी प्रार्थनेआधीच भरलेला असतो : आई, बैल, ट्रॅक्टर, स्वतःचे नाव, मैत्रिणीचे नाव, पाढा, पुन्हा स्वतःचे नाव. संध्याकाळी ज्याची पाळी असेल तो पुसतो. शेणामातीच्या हातासारखी भिंत पुन्हा कोरी होते आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला पहिले लेकरू दप्तर खाली टाकून खडू उचलते.